डब्यावरचे पाचशे पंचवीस

सारांदिसला माझ्या बदल्यात नऊ मते मिळायची होती. कालिरोईच्या आईवडिलांची दोन, तिच्या दोन काकांच्या घरची पाच आणि बंदरावर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या आत्यांची दोन. मागच्या खेपेला एका सायकलीवर त्याला चारच मिळाली होती. त्या मानाने माझा सौदा चांगलाच म्हणायचा.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. वयाने फार नाही, पण बंद खोलीतले एक वर्ष बाहेरच्या चार वर्षांएवढे असते, आणि माझी बरीच वर्षे बंदच गेली. कारखान्यात मला एका पांढऱ्या साच्यात दाबून बसवले, वरून दुसरा साचा घातला आणि डब्याला चिकटपट्टी मारली. मग मी सहा वर्षे अथेन्सजवळच्या बंदरातल्या एका दुकानात फळीवर पडून होते. मी तारे बघण्यासाठी जन्मले, आणि सहा वर्षे बघितली ती डब्याच्या झाकणाची आतली बाजू. डब्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र शनीचे रंगीत चित्र होते, आणि त्याखाली तळहाताएवढ्या अक्षरांत छापले होते : ५२५ पट.

सारांदिस आमच्या बेटावरच्या गावाचा अध्यक्ष. त्याने एकतीस पोरांना बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर काढले होते. आमच्याकडे असे करणारा त्या पोराचा 'नोनोस' होतो, म्हणजे धर्मपिता, आणि पोराच्या आईबापांचा 'कुंबारे'; पोराची आई त्याची 'कुंबारा'. मग ते घर त्याच्याविरुद्ध मत देत नाही. बदल्यात नोनोसने दर ईस्टरला पोराला मेणबत्ती आणि तिला बांधून एखादी भेट द्यायची. त्या वर्षी शरदात निवडणूक होती, म्हणून भेटही तशीच मोठी हवी होती.

दुकानातली बाई बारीक अंगाची होती, चष्मा साखळीला बांधलेला. सारांदिसने तिला एकच प्रश्न विचारला.

"सगळ्यात जास्त पट कोणती?"

"तारे बघायचेत, की दाखवायचेत?" बाईने विचारले.

"दोन्ही."

तिने माझ्या शेजारच्या बुटक्या, जाड दुर्बिणीवर हात ठेवला. ती लाकडी पाटावर बसलेली होती, तिला पाय नव्हते, आणि तिच्या डब्यावर आकडाही नव्हता. "ही न्या. तोंड मोठं आहे. उजेड तोंडातून आत येतो, आकड्यातून नाही. आणि पाटावर असल्यामुळे हलत नाही."

"हा तर चुलीवरचा टोप दिसतो. हा टोप घेऊन मी गावातून चालू?"

"त्या दुसरीचे पाय डुगडुगतात, साहेब."

"माझेही डुगडुगतात. तरी तीनदा निवडून आलोय."

बाईने तरी प्रयत्न सोडला नाही. सोबत एक मधल्या ताकदीचे भिंग घ्या म्हणाली, अंधारात डोळे न दिपवणारी लाल बत्ती घ्या म्हणाली, महिन्यानुसार फिरवायचा आकाशाचा गोल नकाशा घ्या म्हणाली.

"नकाशा कशाला? आकाश वरच असतं," सारांदिस म्हणाला आणि उरलेल्या पैशांत जांभळी रेशमी फीत घेतली.

मी तेव्हा बोलू शकत असते तर त्या बुटकीचीच शिफारस केली असती. माझे तोंड चहाच्या कपाएवढे. माझ्यासोबत डोळ्याला लावायची दोन भिंगे होती; भिंगावरचा आकडा जितका लहान, तितके मोठे दिसते. वीस आकड्याचे लावले की मी पस्तीस पट मोठे दाखवते, आणि मनापासून दाखवते. चार आकड्याचे लावले की एकशे पंचाहत्तर पट, पण तेव्हा मला धाप लागते. त्यावर तिप्पट करणारी नळी चढवली की झाले पाचशे पंचवीस. गुणाकार बरोबर होता, दिसत मात्र काही नव्हते. हे खोटे मी स्वतः बोलले नाही, पण माझ्या डब्यावर छापून मिरवले, हे मला कबूल केले पाहिजे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी दुपारी सारांदिसने मला डब्यातून काढले, तिपाईवर उभे केले, जांभळ्या फितीने मेणबत्ती बांधली आणि खांद्यावर घेऊन गावातून चालत गेला. निळ्या खुर्च्यांच्या कॉफीखान्यासमोरून गेला, कारण ते त्याचे लोक. मग उगाच वळसा घालून हिरव्या खुर्च्यांच्या कॉफीखान्यासमोरूनही गेला, कारण ते त्याचे लोक नव्हते. मागून एक माणूस माझा रिकामा डबा घेऊन चालत होता. आकडा लोकांकडे करून.

त्याची धर्मकन्या कालिरोई अकरा वर्षांची होती. तिने मला बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नोनोस, शनीचं कडं दिसेल?"

"कडं? कड्यावर बसलेली माशीसुद्धा दिसेल!"

पोरीने ते खरे मानले. तेव्हापासून तिला बाकी काही नको होते, फक्त ते कडे बघायचे होते. पण तिची आई पोलिक्सेनी हिने मला उचलले, थेट सालोनीत नेले आणि दाराला कुलूप घातले.

सालोनी म्हणजे पाहुण्यांची खोली. घरच्यांनी तिथे बसायचे नसते. तिथल्या सोफ्यावर अजून प्लास्टिकचे आवरण होते, आणि लग्नातले पेले सोळा वर्षांत एकदाही ओठाला लागले नव्हते. पोलिक्सेनीने मला खिडकीजवळ उभे केले आणि स्वतः विणलेला पांढरा जाळीदार रुमाल माझ्या तोंडावर घातला. झाले! पुन्हा झाकण. फरक एवढाच, की हे झाकण सुंदर होते.

"अगं, ती बाहेर न्यायची असते," कालिरोई म्हणाली.

"आणि पडली तर? नोनोसला काय सांगू? तुझ्या बापाच्या कागदावर सही कोणाची असते, ठाऊक आहे ना?"

ते सगळ्या घराला ठाऊक होते. कालिरोईचा बाप स्त्रातिस गावचा पाण्याचा टँकर चालवायचा. काम आठ महिन्यांच्या कराराचे. आठ महिने संपले की नवा कागद, आणि कागदावर सारांदिसची सही. माझ्यावर ओरखडा पडला तर नोनोसचा अपमान, आणि माझ्यातून काही दिसत नाही असे म्हटले तर त्याहून मोठा. म्हणून मला वापरता येत नव्हते, टाकता येत नव्हते आणि नावेही ठेवता येत नव्हती. मी त्या खोलीत कैद होते, आणि बाकीचे तिघे माझ्यामुळे घरात.

रविवारी पाहुणे गेल्यावर कालिरोईला अर्धा तास मिळायचा. खिडकी उघडायची नाही, सोफ्यावर धूळ येते. पोर बंद काचेतून मला आकाशाकडे रोखायची आणि मी तिला काचेतले फुगे, काचेवरचे मीठ आणि शेजारच्या दिव्याची तीन भुते दाखवायचे. ती डोळा चोळायची, पुन्हा लावायची. शेवटी ती मलाच विचारायची, "तुला येत नाही, की मला येत नाही?" त्या प्रश्नाइतके मला कोणी कधी टोचले नाही.

ऑगस्टमध्ये सारांदिसने जाहीर केले, की पौर्णिमेला चौकात सगळ्या गावाला दुर्बिणीतून आकाश दाखवणार. ऑगस्टची पौर्णिमा आमच्याकडे सणासारखी असते. गाणी, वाइन, भाजलेला ऑक्टोपस. ध्वनिक्षेपक लावलेली गाडी दोन दिवस गावातून ओरडत फिरत होती, "पाचशे पंचवीस पट!"

हिरव्या खुर्च्यांवरून बार्बा ख्रिसान्थोस तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "पौर्णिमेला तारे दाखवणार म्हणे. उद्या भर दुपारी काजवे दाखवेल."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला 'बार्बा' म्हणतात. हा म्हातारा चाळीस वर्षे जहाजांवर ताऱ्यांचे कोन मोजून वाट काढत होता. पण तो पडला विरुद्ध पक्षाचा, त्यामुळे पोलिक्सेनीच्या घरातून त्याला नमस्कारसुद्धा नव्हता. दुपारी सगळे गाव झोपलेले असताना कालिरोई त्याच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. पुढे तिने ते सगळे मला सांगितले, म्हणून मला माहीत.

"बार्बा, माझ्या दुर्बिणीतून काहीच दिसत नाही."

"कुठून बघतेस?"

"सालोनीच्या खिडकीतून. बंद."

"काचेतून? पोरी, बरणीच्या बाहेरून मध चाटतेस का? भिंग कोणतं लावतेस?"

"चारचं. आणि तिप्पट नळी. नोनोस म्हणतात, त्याने जास्त मोठं दिसतं."

"दिसतं ना. धुकं मोठं होऊन दिसतं. ती नळी कप्प्यात टाक. वीसचं घाल. तिपाईचे पाय पूर्ण आत ढकल, ठेंगणी कर तिला. मधोमध तेलाचा भरलेला डबा टांग, म्हणजे डुलणार नाही. तासभर आधी बाहेर ठेव, तिला हवेची सवय होऊ दे. आणि वरची ती छोटी शोधायची नळी उजेड असतानाच घंटाघराच्या क्रॉसवर जुळवून घे. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही! डोळा एकदाच जातो."

"आणि पौर्णिमेला कडं दिसेल?"

"बारके तारे बुडतील उजेडात. शनी नाही बुडायचा. ह्या वेळी तो चंद्राच्या शेजारीच येतोय, शोधायलाही नको. जा आता, तुझ्या आईने बघितलं तर दोघांची धडगत नाही."

पौर्णिमेच्या दिवशी स्त्रातिसने मला टँकरमध्ये शेजारच्या जागेवर बसवून चौकात आणले. वाटेत खड्डा आला की तो एक हात माझ्यावर ठेवायचा. मला उतरवून तो म्हणाला, "रांग लागली की मलाही बोलव गं." पण वरच्या हॉटेलाची टाकी भरायची होती. त्याला जावे लागले.

बार्बाने सांगितल्याप्रमाणे कालिरोईने सगळे केले. पाय ठेंगणे, तेलाचा डबा, घंटाघराचा क्रॉस. मला तर ईस्टरनंतर पहिल्यांदाच मोकळी हवा लागत होती. पण रात्री नऊ वाजता सारांदिस आला, त्याने स्वतःच्या हाताने वीसचे भिंग काढून पोरीच्या हातात दिले आणि चारचे, त्यावर नळी असा मनोरा चढवला. ध्वनिक्षेपकावर आकडा म्हटला. रांग लागली.

"मला माझीच पापणी दिसते," खाटकाची बायको म्हणाली.

"मला दूध सांडल्यासारखं दिसतंय."

"अगं, मग पाचशे पंचवीस पट दूध आहे ते, गप बघ!"

लोक हसायला लागले. सारांदिस ऑक्टोपसच्या शेगडीकडे भाषण करायला वळला, आणि तेवढ्यात कालिरोईने मनोरा उतरवला, खिशातून वीसचे भिंग काढून बसवले, शोधक नळीतून नेम धरला. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? माझ्या लहानशा आरशात काळ्या आकाशाचा एक स्वच्छ तुकडा उतरला आणि त्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा शनी, आणि त्याभोवती बारीक कडे. मोठा नव्हता तो. पण खरा होता.

पोरीने बघितले. श्वास सोडायला विसरली. मग बाजूला झाली आणि तिची काकू वाकली.

"अगं बाई! कडं आहे! खरंच कडं आहे!"

मग रांग मोडली, पुन्हा लागली, आणि लोक एकदा बघून पुन्हा शेवटी जाऊन उभे राहू लागले. सारांदिस धावत आला. "बघा! म्हटलं नव्हतं? पाचशे पंचवीस!"

तेव्हा चौकाच्या पलीकडून बार्बा ख्रिसान्थोस उठला. बारा वर्षांत तो निळ्या खुर्च्यांच्या बाजूला आला नव्हता. त्याने टोपी काढली, वाकला, बराच वेळ बघितले. मग पोरीला विचारले, "छान लावलीस. किती पट गं ही?"

"सांग, सांग बार्बाला!" सारांदिस म्हणाला. त्याने ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापुढे धरला.

कालिरोईने एकदा माझ्याकडे बघितले. "पस्तीस."

साऱ्या चौकाने ते ऐकले. हिरव्या बाजूने कोणीतरी शीळ घातली. सारांदिस हसला, पण नुसते दात दिसले. "पोर आहे, घोटाळली. कुंबारा, तू वाच गं. डब्यावर काय लिहिलंय?"

डबा टेबलावरच होता. पोलिक्सेनी पुढे आली. तिने डब्याकडे बघितले, मग वर हॉटेलच्या रस्त्याकडे, जिथे टँकरचे दिवे हळूहळू चढत होते. मग पोरीकडे न बघता तिने वाचले.

"पाचशे पंचवीस."

"ऐकलंत?" सारांदिस म्हणाला.

बार्बाने टोपी घातली आणि आपल्या खुर्चीकडे परत गेला. कालिरोई सगळ्या गावासमोर खोटी ठरली. मी सत्य दाखवले होते, पण माझ्या डब्याने साक्ष उलटी दिली.

मी पुन्हा सालोनीत. पुन्हा रुमाल, पुन्हा कुलूप. कालिरोई रविवारचा अर्धा तासही मागेना. वीसचे भिंग तिने काढून खिशात ठेवले आणि ते नसल्यामुळे मी आता नुसती नळी होते. आईशी ती जेवणापुरते बोलायची. "मीठ दे." "घे." एवढेच.

आणि मग सप्टेंबरच्या एका संध्याकाळी, पोर शिकवणीला आणि नवरा टँकरवर असताना, पोलिक्सेनी एकटीच आत आली. तिने रुमाल काढला. खिडकी उघडली. समुद्राचा वारा सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या सोफ्यावर आला. तिने मनोरा चढवला, जसा सारांदिसने चढवला होता, आणि डोळा लावला. काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. मी तिला काय दाखवणार? माझ्याकडे धुक्याशिवाय काही उरले नव्हते.

चौथ्या संध्याकाळी तिने मला उचलून अंगणात नेले. माझा पाय दाराला घासला, रंग निघाला. एरवी दारावर बोट उमटले तरी ओरडणारी बाई, तिने तिकडे बघितलेही नाही. ती वाकलेली असतानाच कालिरोई फाटकातून आत आली.

"आई, काय करतेस?"

"धूळ पुसतेय."

"आकाशातली?"

पोलिक्सेनीने हात पुढे केला. "ते दुसरं भिंग दे."

पोरीने खिशातून काढले, स्वतःच बसवले, पाय आत ढकलले, तेलाचा डबा टांगला. "हात लावू नकोस. नुसता डोळा."

पोलिक्सेनीने बघितले. इतका वेळ, की आत चुलीवरचे वांगे लागले आणि दोघींना वास येऊनही कोणी हलले नाही. मग ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "पस्तीस."

माफी वगैरे काही मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती. कालिरोई म्हणाली, "वांगं लागलं," आणि आईच्या कमरेला मिठी मारली.

ऑक्टोबरात सारांदिस निवडून आला, चांगला एकवीस मतांनी. पण त्याची यादी त्याला पाठ होती, आणि यादीतून एक मत गळले होते. तिसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात उभा राहिला.

"कुंबारा, ह्या घराची नऊ होती. आठच पडली. तुझा कोणता दीर फिरला?"

"दिरांना त्रास देऊ नका, कुंबारे. माझं."

"तुझं? मी तुझ्या पोरीला नाव दिलं!"

"दिलंत. आणि ती खोटं बोलत नव्हती."

त्याने माझ्याकडे बोट केले. "आणि ही?"

"हवी तर परत न्या. डब्यासकट."

त्याने नेली नाही. परत न्यायची म्हणजे गावातून न्यावी लागली असती.

नोव्हेंबरात नवे कागद आले. त्यात स्त्रातिसचे नाव नव्हते. पोलिक्सेनीने त्याला सगळे सांगितले, अगदी तो दरवाजात उभा असतानाच. तो म्हणाला, "तू मत दिलंस ते दिलंस. मला निदान ते कडं तरी दाखव." पण त्या रात्री ढग होते. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी तो मालवाहू जहाजावर तेलपाणी बघायच्या कामाला गेला.

त्याला वर्षातून एकदा सुट्टी मिळते, मार्चमध्ये. ह्या वर्षांत मार्चमध्ये शनी सूर्याच्या मागे असतो. दोन सुट्ट्या अशाच गेल्या. बार्बा ख्रिसान्थोस, जो आता आमच्या अंगणात उघडपणे कॉफी पितो, सांगतो की ते कडे वर्षागणिक तिरके होत चालले आहे, आता नुसती रेघ उरली आहे, आणि पुन्हा उघडायला आणखी काही वर्षे जातील. कालिरोई जहाजावर चित्रे काढून पाठवते. पण चित्र तर डब्यावरही होते.

मला आता कुलूप नाही. तेलाच्या डब्यांशेजारी, अंगणातल्या कोनाड्यात मी असते. तरी कधी कधी वाटते, की मी अजून मोकळी झालेले नाही. एक माणूस 'मलाही बोलव' म्हणून गेला, आणि ते बोलावणे अजून माझ्या नळीत अडकून आहे.

मित्रांनो, पहिली दुर्बीण घ्याल तेव्हा डब्यावरचा आकडा वाचू नका. तोंड किती मोठे आहे ते विचारा, पाय हलवून बघा, हलले तर ठेवून द्या. घरी आणल्यावर तिला झाकून मिरवू नका. धूळ पुसता येते, वाया गेलेले आकाश पुसून परत आणता येत नाही. आणि तिला बाहेर काढाल तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढे कोणाला उभे करायचे, ते आधी ठरवा.

आमच्याकडे ते चुकले. सारांदिसला आठ मते आणि खुर्ची मिळाली. कालिरोईला तिचे कडे मिळाले, पोलिक्सेनीला तिचा शब्द परत मिळाला, आणि मला आकाश. किंमत स्त्रातिसने मोजली. त्याने अजून मला डोळा लावलेला नाही.